‘कोणाला’ म्हणजे ‘हूम’ नव्हे

वाचकाचे पत्र

मी नाशिकजवळच्या एका कारखान्यात एच. आर. विभागात सहायक आहे. माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पण कामाच्या मेल इंग्रजीत लिहाव्या लागतात. गेल्या महिन्यात मी सर्व विभागप्रमुखांना पाठवलेल्या मेलमध्ये ‘हूम इज रिस्पॉन्सिबल फॉर धिस शिफ्ट?’ असे विचारले. नुसते ‘हू’ लिहिणे उद्धटपणाचे वाटेल आणि ‘हूम’ हे त्याचे आदरार्थी रूप असावे, अशी माझी समजूत होती. एका वरिष्ठांनी सर्वांना दिसेल अशा उत्तरात माझी चूक दाखवली. तेव्हापासून एखाद्या माणसाबद्दल प्रश्न लिहायचा म्हटले की माझा हात अडखळतो. माझ्या आठवीतल्या मुलीच्या वहीत ‘हू म्हणजे कोण, हूम म्हणजे कोणाला, हूज म्हणजे कोणाचा, विच म्हणजे कोणता’ असे लिहून दिले आहे. मी ते पाठ केले, तरी चुका होतातच. आता नव्या कर्मचाऱ्यांच्या अर्जावर ‘आणीबाणीच्या प्रसंगी कोणाशी संपर्क साधावा?’ ही ओळ इंग्रजीत छापायची आहे आणि ‘विथ हूम वी शुड कॉन्टॅक्ट इन इमर्जन्सी?’ असा मसुदा माझ्यापुढे आहे. तो बरोबर आहे का, आणि हा गोंधळ मुळातून कसा सुटेल?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वरिष्ठांनी सांगितले ते व्याकरणदृष्ट्या बरोबर होते, परंतु ते चारचौघांत सांगायला नको होते. तुम्हाला एकटीला पाठवलेल्या दोन ओळी पुरेशा होत्या. तो विषय मी इथेच सोडते, कारण तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. ‘हूम’ हे ‘हू’चे आदरार्थी रूप असावे असे तुम्हाला वाटले, आणि मी इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या वर्षांत हाच समज मला इतक्या हुशार आणि कष्टाळू माणसांच्या लिखाणात आढळला आहे की त्याला अज्ञान म्हणणे मला पटत नाही. तो समज मराठीतूनच येतो. तू, तुम्ही आणि आपण अशा पायऱ्या असलेल्या, ‘साहेब आला’ आणि ‘साहेब आले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर मानणाऱ्या भाषेत वाढलेला माणूस परक्या भाषेत गेल्यावरही त्या पायऱ्या शोधतो, आणि दोन सारखी दिसणारी सर्वनामे समोर आली की त्यांपैकी लांब, कमी वापरातले आणि पुस्तकी वाटणारे रूप वरच्या पायरीचे असणार असे धरून चालतो.

इंग्रजीच्या प्रश्नार्थक सर्वनामांना अशी पायरी नाही. राष्ट्रपतींविषयी विचारायचे असो वा रखवालदाराविषयी, ‘हू’ तेच राहते. इंग्रजीत अदब सर्वनामात न ठेवता प्रश्नाच्या मांडणीत ठेवतात. फोनवर आपण ‘आपण कोण बोलता?’ असे विचारतो आणि त्या एका ‘आपण’ने सगळे सौजन्य सांभाळले जाते, पण त्याचे शब्दशः इंग्रजी करून ‘हू आर यू?’ असे म्हटले तर ते फाटकावर कोणाला तरी हटकल्यासारखे ऐकू येते. तिथे ‘मे आय नो हू इज कॉलिंग?’ असे म्हणतात. सर्वनाम साधे ‘हू’च आहे आणि आदर सगळा ‘मे आय नो’मध्ये आहे. तुमच्या मेलमध्ये ‘हू इज रिस्पॉन्सिबल फॉर धिस शिफ्ट?’ हे अगदी योग्य वाक्य ठरले असते, आणि ते अधिक मृदू करायचे असते तर ‘कुड यू प्लीज टेल मी हू इज रिस्पॉन्सिबल फॉर धिस शिफ्ट?’ असे लिहिता आले असते.

अशी मृदू सुरुवात केली की पुढच्या शब्दांचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. ‘हू आर यू?’ हा सुटा प्रश्न आहे. तोच ‘मे आय नो’च्या पोटात गेला की ‘मे आय नो हू यू आर?’ असा होतो, म्हणजे ‘आर’ मागे सरकते. ‘मे आय नो हू आर यू?’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण लिहिताना टाळावे. ‘हू इज कॉलिंग’मध्ये असा बदल होत नाही, कारण तिथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे आणि कर्ता क्रियापदाच्या आधीच बसलेला आहे. या ‘कर्ता’ शब्दाशीच सगळ्या गोंधळाची किल्ली आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, या सर्वनामाला आपल्यासारख्याच विभक्ती होत्या. कर्त्यासाठी ‘ह्वा’, थेट कर्मासाठी ‘ह्वोने’, ‘-ला’ या अर्थी ‘ह्वाम’, आणि ‘-चा’ या अर्थी ‘ह्वॅस’ अशी त्याची रूपे होती. पुढे ‘ह्वोने’ लोपले आणि त्याचे काम ‘ह्वाम’ने उचलले, म्हणजे द्वितीया आणि चतुर्थी एकाच रूपात मिसळल्या. शाळेत ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीयेला म्हणून लगेच चतुर्थीलाही तेच म्हणताना आपल्याला जे नवल वाटायचे, तेच इंग्रजीतही घडले आहे. ‘ह्वा’चे ‘हू’ झाले, ‘ह्वाम’चे ‘हूम’ आणि ‘ह्वॅस’चे ‘हूज’. ‘हूम’च्या शेवटचा ‘म’ हा त्या चतुर्थीचा अवशेष आहे, आणि तोच ‘म’ ‘हिम’ आणि ‘देम’ यांच्याही शेवटी आजतागायत टिकून आहे.

म्हणूनच जी कसोटी इंग्रजीचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत ती निव्वळ युक्ती नाही, तिला भाषेच्या इतिहासाचा आधार आहे. प्रश्नाचे उत्तर मनात पूर्ण वाक्यात द्यावे. उत्तरात ‘ही’ किंवा ‘दे’ आले तर प्रश्नात ‘हू’, आणि ‘हिम’ किंवा ‘देम’ आले तर प्रश्नात ‘हूम’. शिफ्टला जबाबदार कोण, याचे उत्तर ‘ही इज रिस्पॉन्सिबल’ असे येते. ‘हिम इज रिस्पॉन्सिबल’ असे कोणीही म्हणणार नाही, आणि तिथेच ‘हूम’ बाद होते. ‘तुम्ही मुलाखतीला कोणाला बोलावलेत?’ याचे उत्तर ‘वी कॉल्ड हिम’ असे येते, तेव्हा ‘हूम डिड यू कॉल?’ शुद्ध ठरते. मात्र ही कसोटी एका अटीवर चालते, आणि ती अट बहुतेक वह्यांमध्ये लिहिलेली नसते: मनातले उत्तर इंग्रजीत द्यायला हवे. मराठीत दिले तर कसोटी फसते, आणि ती का फसते हे सांगण्यासाठीच मी हे उत्तर इतके लांबवत आहे.

‘हूम म्हणजे कोणाला’ हे तुमच्या मुलीच्या वहीतले वाक्य अर्धे खरे आहे आणि त्यामुळेच ते घातक ठरते. मराठीत ‘-ला’ हा प्रत्यय कर्माला लागतो तसा तो अनुभव घेणाऱ्यालाही लागतो. भूक आपल्याला लागते, ताप आपल्याला येतो, पोहणे आपल्याला येते, गाणे आपल्याला आवडते, गावी आपल्याला जायचे असते. या सगळ्या वाक्यांत माणूस मागे, ‘ला’ लावून बसलेला असतो आणि भूक, ताप, गाणे पुढे असते. इंग्रजीची मांडणी याच्या उलट आहे. तिथे माणूस पुढे येतो, कर्ता होतो, आणि भूक किंवा ताप ही त्याच्याजवळची गोष्ट ठरते. त्यामुळे ‘कोणाला ताप आहे?’ याचे इंग्रजी ‘हू हॅज अ फीव्हर?’ असे होते. ‘कोणाला भूक लागली आहे?’ म्हणजे ‘हू इज हंग्री?’, ‘कोणाला वेल्डिंग येते?’ म्हणजे ‘हू नोज वेल्डिंग?’, आणि ‘उद्या कोणाला सुटी हवी आहे?’ म्हणजे ‘हू वॉन्ट्स अ हॉलिडे टुमॉरो?’ या सर्व ठिकाणी मराठीत ‘कोणाला’ आहे आणि इंग्रजीत एकदाही ‘हूम’ येत नाही. ‘कोणाकडे गाडी आहे?’ यातला ‘कडे’सुद्धा असाच विरघळून जातो आणि ‘हू हॅज अ कार?’ एवढेच उरते.

‘कोणी’चा घोटाळा निराळा आहे. ‘ही फाइल कोणी नेली?’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद ‘नेली’ हे फाइलच्या लिंगाप्रमाणे चालते, कर्त्याकडे पाहतच नाही, आणि म्हणून मराठी मनाला ‘फाइल’ हीच वाक्यातली मुख्य व्यक्ती वाटते. त्यातून ‘बाय हूम द फाइल वॉज टेकन?’ अशी आडवळणाची वाक्ये जन्माला येतात. नेण्याची क्रिया करणारा तो अज्ञात माणूस इंग्रजीत सरळ कर्ता आहे: ‘हू टुक द फाइल?’ इथे ‘डिड’ही लागत नाही. ‘हू डिड टेक द फाइल?’ हे रूप ‘अहो, पण मग नेली तरी कोणी?’ अशा ठासून विचारलेल्या प्रश्नातच शोभते.

सर्वांत फसवी जागा मात्र ‘कोणाची’ची आहे, आणि तिच्याविषयी मुलांना कोणी सावध करत नाही. मराठीत वाट कोणाची तरी पाहिली जाते, आठवण कोणाची तरी येते, भीती कोणाची तरी वाटते, मदत कोणाची तरी घेतली जाते. ही षष्ठी मालकीची नव्हे. जिची आठवण येते ती व्यक्ती त्या आठवणीची मालक नसते. इंग्रजीतला ‘हूज’ मात्र प्रामुख्याने मालकी आणि नाते सांगतो, म्हणून ‘तुम्ही कोणाची वाट पाहत आहात?’ याचे इंग्रजी ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ असे होते, ‘तुम्हाला कोणाची आठवण येते?’ याचे ‘हू डू यू मिस?’ असे, आणि ‘तुला कोणाची भीती वाटते?’ याचे ‘हू आर यू अफ्रेड ऑफ?’ असे. कार्यालयात रोज घडणारे उदाहरण तर फोनचेच आहे. ‘कोणाचा फोन होता?’ असे आपण सहज विचारतो आणि आपल्याला कोण बोलत होते हे हवे असते. त्याचे ‘हूज फोन वॉज इट?’ असे भाषांतर केले तर ऐकणारा मोबाइल कोणाच्या मालकीचा होता हे सांगू लागेल. तिथे ‘हू वॉज ऑन द फोन?’ किंवा ‘हू कॉल्ड?’ असे विचारावे.

तात्पर्य, मराठीचा प्रत्यय पाहून इंग्रजीचे सर्वनाम ठरवता येत नाही. इंग्रजी क्रियापद आधी निवडावे, आणि ते निवडल्यावर त्या क्रियापदाच्या कर्त्याच्या जागी आपला अज्ञात माणूस बसतो की कर्माच्या जागी, एवढेच पाहावे. ‘आवडणे’ऐवजी ‘लाइक’ हे क्रियापद हाती घेतले की लाइक करणारा कोण हे आपोआप स्पष्ट होते. वाक्य प्रथम मराठीत पूर्ण रचून मग एकेक शब्द उलथवत जाण्याची सवय आपल्या पिढीला भाषांतराच्या पाठांनी लावली, आणि त्या पाठांचे ऋण मान्य करूनही मला असे वाटते की या एका बाबतीत त्यांनी आपले नुकसान केले.

आता शब्दयोगी अव्ययांकडे येते. आपल्याकडे ते शब्दाला मागून चिकटते, इंग्रजीत पुढे येते आणि सुटे राहते. ‘टू’, ‘विथ’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’ यांच्या लगेच मागोमाग माणसाविषयीचे प्रश्नार्थक सर्वनाम आले तर ते ‘हूम’च असले पाहिजे: ‘टू हूम शुड द इन्व्हॉइस बी अ‍ॅड्रेस्ड?’ इथे ‘टू हू’ लिहिणे काळजीपूर्वक केलेल्या लिखाणात खटकते. पण हेच अव्यय वाक्याच्या शेवटी नेले की ‘हू शुड आय अ‍ॅड्रेस द इन्व्हॉइस टू?’ असे मोकळे, रोजच्या वापरातले वाक्य तयार होते, आणि त्यात ‘हू’ चालते. वाक्याचा शेवट अव्ययाने करू नये असे आपल्याला शाळेत सांगितले गेले असेल. त्या आक्षेपाचा उगम इंग्रजी कवी ड्रायडन याने 1672 साली घेतलेल्या हरकतीपर्यंत मागे नेता येतो, परंतु इंग्रज लोक त्याच्या आधीही अशी वाक्ये बोलत होते आणि आजही बोलतात, लिहितात. ती तुम्ही निःशंकपणे लिहावीत.

कोणत्या क्रियापदाला अव्यय लागते आणि कोणत्याला लागत नाही, हे मात्र क्रियापदागणिक लक्षात ठेवावे लागते, त्याला इलाज नाही. आपण कोणाशी लग्न करतो, पण इंग्रजीतले ‘मॅरी’ अव्यय घेत नाही: ‘हू डिड शी मॅरी?’ आपण कोणावर विश्वास ठेवतो, तिथेही ‘हू डू यू ट्रस्ट?’ एवढेच. ‘टेल’ आणि ‘आस्क’ यांना ‘टू’ लागत नाही, तर ‘से’ आणि ‘एक्स्प्लेन’ यांना लागतो, म्हणून ‘तुम्ही हे कोणाला सांगितले?’ याची ‘हू डिड यू टेल?’ आणि ‘हू डिड यू से धिस टू?’ अशी दोन्ही इंग्रजी वाक्ये होतात. कोणावर रागावले तर ‘अँग्री विथ’ म्हणतात. ‘अँग्री ऑन’ हे आपल्या ‘वर’चे शब्दशः रूप आहे आणि ते इंग्रजीत नाही.

चांगले इंग्रजी लिहिणारेही जिथे घसरतात अशी एक जागा सांगते, कारण चूक सुधारून घेतल्यानंतर माणूस नेमका तिथेच अडकतो. ‘हू डू यू थिंक इज रेडी फॉर प्रमोशन?’ या वाक्यात ‘डू यू थिंक’ मध्ये घुसलेले आहे. त्यामुळे ‘यू’ हा कर्ता झाला, मग आधीचे सर्वनाम कर्म असणार, असा हिशेब करून लोक ‘हूम’ लिहितात. मधले ‘डू यू थिंक’ क्षणभर बोटाने झाकावे. उरते ते ‘हू इज रेडी’, आणि ‘ही इज रेडी’ हे त्याचे उत्तर. तसेच ‘प्लीज लेट मी नो हू विल अटेंड’ यात ‘लेट मी नो’ पुढे असले तरी ‘हू’ हा ‘विल अटेंड’चा कर्ता आहे. तुम्ही अनुभवाची प्रमाणपत्रे देत असाल तर त्यांच्या माथ्यावर ‘टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’ हे शब्द असतात, आणि तिथला ‘हूम’ योग्य आहे. पण ‘कन्सर्न’ या क्रियापदाचा कर्ता ‘इट’ आहे आणि हे पत्र ज्याच्याशी संबंधित असेल तो माणूस कर्म आहे, म्हणून तो योग्य आहे. केवळ ‘टू’ आला म्हणून ‘हूम’ असे मानले तर ‘गिव्ह द पास टू हूएव्हर कम्स फर्स्ट’ या वाक्यात गफलत होते. तिथे ‘टू’नंतरही ‘हूएव्हर’ लागते, कारण आधी येणारा तो माणूस ‘कम्स’चा कर्ता आहे.

वहीतले ‘विच म्हणजे कोणता’ हे समीकरणही तपासून पाहू. ‘विच’ माणसांसाठी वापरत नाहीत असे कोणी सांगितले असेल तर ते प्रश्नांच्या बाबतीत खरे नाही. माणसांचा गट ठरलेला असला आणि त्यातून एकाची निवड करायची असली की ‘विच’ येतो. तुमच्या कारखान्यात तीन पाटील असतील आणि कोणी येऊन ‘पाटील साहेबांना भेटायचे आहे’ म्हणाले, तर तुम्ही मराठीत ‘कोणते पाटील?’ विचाराल आणि इंग्रजीत ‘विच मिस्टर पाटील?’; ‘हू इज मिस्टर पाटील?’ असे विचारले तर पाटील नावाचा माणूस तुम्हाला ठाऊकच नाही असा अर्थ होईल. इथवर ‘विच म्हणजे कोणता’ हे समीकरण चालते. पण ‘तुमच्यापैकी पाटील कोण?’ यात मराठीत ‘कोण’ आहे आणि इंग्रजी मात्र ‘विच ऑफ यू इज मिस्टर पाटील?’ असे आहे. ‘पैकी’ हा शब्द मराठी वाक्यात असला, किंवा नसूनही मनात असला, की ‘विच’चा विचार करावा. सहलीचा फोटो दाखवून मैत्रिणीला ‘यात तुझा भाऊ कोण?’ विचारताना ‘विच वन इज युअर ब्रदर?’ म्हणतात, कारण चेहरे सगळे समोर आहेत आणि बोट एकावर ठेवायचे आहे. आणि ‘हू’ऐवजी ‘व्हॉट’ लागतो अशीही एक जागा तुमच्या कामात येते: मुलाखतीत उमेदवाराला वडिलांविषयी विचारताना ‘हू इज युअर फादर?’ म्हटले तर ते त्याच्या पितृत्वाची चौकशी केल्यासारखे होते. आपल्याला व्यवसाय हवा असतो, म्हणून ‘व्हॉट डज युअर फादर डू?’ त्याचप्रमाणे ‘हे तुमचे कोण?’ या आपल्या सुटसुटीत प्रश्नाला इंग्रजीत एका सर्वनामाचे उत्तर नाही. ‘हाउ आर यू रिलेटेड टू हिम?’ असे वळण घ्यावे लागते.

दोन छोट्या गोष्टी. ‘हूज’ नावाचे दोन शब्द आहेत, उच्चार एकच. मालकीच्या ‘हूज’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एस आणि ई येतात, ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’चे संक्षिप्त रूप असेल तर ओ आणि एस यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह येते. सोडवून ‘हू इज’ वाचून पाहिले की कोणते हवे ते कळते. दुसरी गोष्ट ‘कोण कोण’ची. ‘कोण कोण येणार आहेत?’ याचे ‘हू ऑल आर कमिंग?’ हे भारतीय बोलण्यात रुळलेले आहे, आणि बोलताना ते मला परके वाटत नाही, पण लिखाणात ‘हू इज कमिंग?’ एवढेच पुरते. दहा जण अपेक्षित असले तरी कर्ता असलेल्या ‘हू’नंतर क्रियापद सहसा एकवचनीच ठेवतात.

तुमच्या मुलीचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिला परीक्षा द्यायची आहे. 1921 साली एडवर्ड सपीर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने असे भाकीत केले होते की येत्या दोनेकशे वर्षांत मोठे विद्वान कायदेपंडितही ‘हूम डिड यू सी?’ असे म्हणेनासे होतील. त्यातली शंभराहून अधिक वर्षे उलटली आहेत आणि बोलण्यापुरते ते बरेचसे खरे ठरले आहे. प्रश्नाच्या सुरुवातीला कर्मासाठीही ‘हू’ म्हणणे आज सुशिक्षित इंग्रजीत सर्वमान्य आहे, आणि म्हणूनच वरच्या अनेक उदाहरणांत मी तेच वापरले आहे. उत्तरपत्रिकेत मात्र जुना भेद पाळावा, कारण अधोरेखित भाग उत्तर म्हणून यावा असा प्रश्न तयार करा, असे जेव्हा विचारतात तेव्हा तपासणाऱ्याला तोच भेद पाहायचा असतो. तिला ‘द टीचर प्रेज्ड सुनीता’ हे एकच वाक्य द्या आणि त्याचे दोन प्रश्न करायला सांगा. ‘टीचर’ अधोरेखित असेल तर ‘हू प्रेज्ड सुनीता?’, आणि ‘सुनीता’ अधोरेखित असेल तर ‘हूम डिड द टीचर प्रेज?’ पहिल्यात ‘डिड’ नाही, कारण कर्त्याची जागा ‘हू’नेच घेतली आहे, दुसऱ्यात कर्ता ‘टीचर’ अजून वाक्यात आहे आणि त्याच्यासाठी ‘डिड’ पुढे आला आहे. अशी वीसेक वाक्ये तिने स्वतः बनवली, शेजाऱ्यांची आणि मैत्रिणींची नावे घालून बनवली, तर वहीतले चार समानार्थ तिला लागणार नाहीत. तुम्हीही तिच्यासोबत बसा.

कामाच्या लिखाणात तुम्ही असे करावे: अव्ययाच्या लगेच मागे ‘हूम’, बाकी सर्वत्र ‘हू’. कर्माच्या जागी ‘हू’ पडले तर फार थोड्यांच्या लक्षात येते आणि त्याहून थोड्यांना ते चुकीचे वाटते, परंतु कर्त्याच्या जागी ‘हूम’ पडले तर ते सर्वांना दिसते, हे तुम्ही अनुभवलेच आहे.

राहिला तुमच्या अर्जाचा मसुदा. ‘विथ हूम वी शुड कॉन्टॅक्ट इन इमर्जन्सी?’ यात तीन दुरुस्त्या लागतील. ‘कोणाशी’मधला ‘शी’ हा ‘विथ’ होऊन आला आहे, तो काढावा, कारण क्रियापद म्हणून ‘कॉन्टॅक्ट’ हे अव्ययाशिवाय चालते. प्रश्न असल्यामुळे ‘वी शुड’चा क्रम उलटून ‘शुड वी’ करावा. आणि ‘इमर्जन्सी’च्या आधी ‘अ‍ॅन’ घालावे. छापील अर्जाची भाषा थोडी औपचारिक असते आणि माणूस इथे कर्माच्या जागी आहे, म्हणून मी ‘हूम शुड वी कॉन्टॅक्ट इन अ‍ॅन इमर्जन्सी?’ असे छापले असते. ‘हू’ ठेवलेत तरी अर्ज अशुद्ध होणार नाही. त्या ओळीखाली नाव, नाते आणि फोन नंबर यांसाठी वेगवेगळ्या जागा ठेवा, आणि नात्याच्या रकान्यावर नुसते ‘रिलेशनशिप’ एवढेच लिहा.